वीस नंबरची विद्यार्थिनी

"एकोणीस," भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी यादी खालून वर मोजली. वरून खाली मोजली होती तेव्हाही एकोणीसच भरले होते.

"वीस पायजेत," प्राचार्य ठोसर म्हणाले. "परिपत्रकात वीस लिहेल हाये. एकोणीसवर मान्यता नाई."

"मंग एक आनायचा कुठून, सर? आज शेवटची तारीख. पोरं घरी गेले."

त्याच वेळी वच्छला चहा घेऊन आत आली. मोठमोठे निर्णय पुष्कळदा असेच होतात. ज्या क्षणी जो दारातून आत येतो, त्याचं नाव लागतं. प्राचार्यांनी कप उचलला आणि विचारलं, "वच्छलाबाई, तुमी इटालियन शिकता का?"

वच्छलाला वाटलं, काहीतरी काम असेल.

"केव्हा कराचं, साहेब?"

"कराचं काही नाई. फक्त नाव द्याचं. बसाची बी गरज नाई."

भगवंतरावांनी विसाव्या ओळीवर लिहिलं : वच्छला मधुकर काळबांडे. वय छप्पन्न. शिक्षण या रकान्यात त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं. "नववी पास," ती म्हणाली. आणि कपबश्या गोळा करून गेली.

अमरावतीच्या या महाविद्यालयात इटालियन भाषा कशी आली, हे सांगायला फार वेळ लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष अकरा दिवसांच्या युरोप सहलीला गेले होते. परत आले ते, आपल्या पोरांना परदेशी भाषा यायला पाहिजे, असं म्हणत आले. चौकापलीकडच्या कॉलेजात जर्मन होतीच, स्टँडजवळच्या कॉलेजात फ्रेंच. उरली होती ती यांनी घेतली. शिकवायला रागिणी मानकर मिळाली. चांदूर रेल्वेची मुलगी, दीड वर्ष इटलीत बोलोन्याला शिकून परत आलेली आणि आता तासिका तत्त्वावर रोज पॅसेंजरने येजा करणारी. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पगार, आणि वर्गच बंद पडला तर पगाराबरोबर तत्त्वही गेलं.

वर्ग चौदा नंबरच्या खोलीत, सोमवार-बुधवार-शुक्रवार, तीनला. पहिल्या दिवशी वच्छला खोली उघडून द्यायला गेली आणि मागच्या बाकावर बसली. रागिणीला वाटलं, तास संपेपर्यंत किल्लीसाठी थांबली असेल. तिने हजेरी घेतली. एकोणीस झाल्यावर विसावं नाव वाचलं, तेव्हा वच्छला उभी राहिली.

"मावशी, सरांनी तर सांगितलं की तुमचं नुसतं नाव आहे."

"नाव मस्टरवर हाये ना, मॅडम? मंग मानूस जाग्यावर पायजे."

बावीस वर्षांच्या नोकरीत तिने एवढं एकच तत्त्व सांभाळलं होतं. ती नोकरी मात्र तिची नव्हती. तिचा नवरा मधुकर काळबांडे या कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला घेतलं, आणि तिच्या फाईलवर आजही 'कै. म. का. काळबांडे यांच्या जागी' असंच लिहिलेलं आहे. रेशन कार्ड मोठ्या मुलाच्या, अंकुरच्या नावावर, गॅस दिराच्या. शाळेचं म्हणाल तर दहावीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात लग्न निघालं. त्यामुळे तिला नापाससुद्धा होता आलं नव्हतं. याबद्दल ती कधी काही बोलली असेल तर ते कोणाच्या लक्षात नाही.

दिवाळीपर्यंत एकोणिसांचे अकरा उरले. जानेवारीत सात. दोन क्रेडिटसाठी आलेल्यांना तेच दोन क्रेडिट योगाभ्यासात झोपून मिळतात, असा शोध लागला होता. वच्छलाचा एकही तास चुकला नाही. तिचं शिकणं मात्र वर्गात कमी आणि चहाच्या खोलीत जास्त चाले. शेगडीच्या वर तिने एक ते शंभर आकड्यांचा कागद चिकटवला होता आणि ती कप इटालियनमध्ये मोजायची. स्टाफरूमची मीटिंग असली की तिचे अकरा ते पंचवीस पक्के व्हायचे. पुढच्या आकड्यांसाठी स्नेहसंमेलनापर्यंत थांबावं लागलं.

एकदा रागिणीने वर्गात पाहुणचाराचा धडा घेतला. वच्छला यजमान आणि विपुल नावाचा मुलगा पाहुणा. विपुलला मोटारींची डिझाइनं काढायला इटलीतल्या तुरीनला जायचं होतं, आणि आपण इथे का आलो हे माहीत असलेला तो या वर्गातला एकमेव मनुष्य होता. वच्छलाने नीट इटालियनमध्ये विचारलं, केक घेणार का. विपुल म्हणाला, "नो, ग्रात्सिए." नको, आभारी आहे. धडा इथे संपत होता.

वच्छलाने पुन्हा विचारलं. विपुलने पुन्हा नको म्हटलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि काल्पनिक केक त्याच्या काल्पनिक ताटात वाढला.

"मावशी, तो नाही म्हणतोय," रागिणी म्हणाली.

"पाहुना पहिल्यांदा नाईच म्हनते, मॅडम."

"तिकडे नाही म्हणजे नाहीच असतं. पुन्हा विचारत नाहीत."

"मंग तिकडचे लोक उपाशी जात असतीन," वच्छला म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. तिने वहीत लिहून घेतलं : एकदाच विचारायचे.

सरावासाठी रागिणीने प्रत्येकाला स्वतःबद्दल वीस वाक्यं तयार करायला सांगितली होती. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो, तुमची ओळख सांगा. विपुलने इंटरनेटवरून उतरवली. वच्छलाने तिच्या वीस वाक्यांना अडीच महिने घेतले. मी वच्छला. मी छप्पन्न वर्षांची आहे. मी विधवा आहे. मला दोन मुलगे आहेत, एक अकोल्याला राहतो. मी इथेच काम करते. मी चहा करते, खोल्या उघडते आणि बंद करते. असं करत वीस. रागिणीने चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी विचारलं, "मावशी, परीक्षेला बसणार ना खरंच?"

"बसीन ना. काहून? जमनार नाई म्हन्ता?"

"जमेल. नक्की जमेल."

त्या रात्री म्हणे तिने अंकुरला फोन करून, मार्चमध्ये माझी परीक्षा आहे, असं सांगितलं. अंकुरने विचारलं, कशाची तपासणी आहे, शुगरची का? तिने हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी पत्र आलं. मान्यता समितीचे एक सदस्य मुंबईहून येणार, विद्यार्थी डोक्यागणिक मोजणार. त्यांच्यासोबत पुण्याच्या भाषा संस्थेच्या परीक्षक प्रा. दामले येऊन तोंडी परीक्षा घेणार. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : महाविद्यालयाचे कर्मचारी विद्यार्थीसंख्येत धरले जाणार नाहीत.

ती ओळ भगवंतरावांनी वाचली. सत्तावीस वर्षं ते बारीक अक्षरंच वाचत आले होते.

प्राचार्यांनी रागिणीला आणि वच्छलाला बोलावलं. "वच्छलाबाई, उद्या तुमी वर्गात बसू नका. समितीवाल्यानं तुमाले चहा देतानी पाह्यलं अन् मंग बाकावर पाह्यलं, त आपला कोर्स गेला. या मॅडमची नोकरी गेली."

"मंग वीस कसे होतीन?"

"बी.कॉम.ची एक पोरगी बसवतो तुमच्या नावावर. नाव तुमचंच राह्यते. सर्टिफिकेट बी तुमालेच भेटते. तुमाले काय पायजे अजून?"

वच्छला रागिणीकडे पाहत होती. रागिणी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती. तिच्या घरी चांदूरला वडील आजारी होते, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

"मी सहा महिने बसली, साहेब," वच्छला म्हणाली.

"थे त सगळ्याईनं पाह्यलं. म्हनून त त्या पोरीले शिकवाचं काम तुमालेच देतो. मॅडमले खोली सजवाची हाये."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना वीस हवे होते, एवढंच.

ती पोरगी म्हणजे आरजू. दुसऱ्या वर्षाला होती. वक्तृत्व स्पर्धेत तिने पर्यावरणावरचं पंधरा मिनिटांचं भाषण एकही शब्द न चुकता म्हणून ढाल आणली होती, म्हणून तिची निवड. दुपारी ती चहाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली.

"मौशी, किती लाईनी हायेत?"

"वीस. पह्यले अर्थ सांगतो, मंग..."

"नको नको. मतलब नका सांगू. मतलब समजला का मी अटकतो. भाषणात बी असंच करतो मी. नुसतं पाठ करून द्या."

"अन् त्याईनं मंधात काही इचारलं त?"

"मंधात कोनी नाई इचारत, मौशी. धडधड बोलत गेलं का लोक ऐकत राह्यतात."

मग वच्छलाने एकेक वाक्य म्हणायचं आणि आरजूने ते उचलायचं, असं चाललं. पोरगी खरोखर हुशार. तासाभरात वीसच्या वीस वाक्यं तिच्या जिभेवर बसली. उच्चार वच्छलापेक्षा स्वच्छ. वच्छलाने तिला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती कप विसळायची थांबली होती. ती वाक्यं एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी काय सांगतील, हे आपल्या ध्यानातच आलं नाही, असं वच्छला आजही म्हणते. तिच्यावर अविश्वास दाखवायला आपल्याकडे पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरच्या खोलीत वीस डोकी होती. त्यातल्या बारांना खोली कुठे आहे ते दाखवावं लागलं. भिंतीवर इटलीचा नकाशा, फळ्यावर रंगीत खडूने स्वागत. समितीचे सदस्य हे एक थकलेले गृहस्थ होते. त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली, प्रत्येक नावाला इटालियनमध्ये हजेरी दिली जात होती. ते रागिणीने सकाळीच बसवून घेतलं होतं. वच्छला पाण्याचे ग्लास ठेवत होती.

"वच्छला मधुकर काळबांडे."

वच्छलाच्या हातातला जग थांबला.

"प्रेझेन्ते," तिसऱ्या बाकावरून आरजू म्हणाली.

गृहस्थांनी खूण केली, वीस आकड्याभोवती गोल काढला आणि आपलं काम संपवून ते खुर्चीत रेलले. वच्छलाने ग्लास भरला. थोडं पाणी टेबलक्लॉथवर गेलं होतं, ते तिने पदराने टिपलं.

मग प्रा. दामले यांनी परीक्षा घेतली. पासष्टीच्या, सुती साडी, केस आखूड, चष्मा दोरीला. पहिले एकोणीस जण त्यांनी ज्या सोशिकपणाने ऐकले, त्याबद्दल त्यांना मानच दिला पाहिजे. एकाने नमस्कार केला आणि बसला. एकीने स्वतःचं नाव सांगितलं आणि मग भारताची राजधानी सांगितली. विपुल बरा बोलला. विसावी आरजू उभी राहिली, तेव्हा वच्छला चहाचा ट्रे घेऊन दामलेबाईंच्या उजव्या हाताला पोचली होती.

"स्वतःबद्दल सांगा," दामलेबाई इटालियनमध्ये म्हणाल्या.

आरजूने ढालीच्या स्पर्धेत घेतला होता तसा श्वास घेतला आणि सुरू केलं. "मी क्यामो वच्छला. ओ चिंक्वान्तासेई आन्नी. सोनो वेदोवा..."

दामलेबाईंचं पेन थांबलं. समोर गुलाबी ओढणीतली, कानात चमचमते डूल घातलेली मुलगी खणखणीत आवाजात सांगत होती की ती छप्पन्न वर्षांची आहे आणि विधवा आहे. तिला दोन मुलगे आहेत. थोरल्याचं लग्न झालं आहे. गुडघा दुखतो म्हणून ती जिने हळू चढते. ती इथेच काम करते. ती चहा करते, खोल्या उघडते आणि बंद करते. तिला दहावीच्या परीक्षेला बसता आलं नाही. म्हणून ती या परीक्षेला बसली आहे.

आरजू थांबली. तिने हातवारेही केले होते, पर्यावरणाचेच. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. "हुशार पोरगी हाये, मॅडम," ते दामलेबाईंना म्हणाले. मग मराठी सुधारून पुन्हा म्हणाले, "अत्यंत गुणी विद्यार्थिनी."

रागिणी खिडकीपाशी उभी होती. ती बाहेर पाहू लागली.

दामलेबाईंनी चष्मा काढला. त्यांनी आरजूकडे पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवली आणि ती फिरत फिरत चहाच्या ट्रेवर, ट्रे धरलेल्या हातांवर आणि तिथून वर गेली. त्यांनी इटालियनमध्येच पुढचा प्रश्न विचारला. तो आरजूच्या वीस वाक्यांत नव्हता. "इथे किती वर्षांपासून काम करता?"

आरजूने तोंड उघडलं आणि मिटलं. मधेच कोणी विचारत नाही, या तिच्या अनुभवाला हा पहिलाच धक्का होता.

वच्छलाने वाकून कप दामलेबाईंपुढे ठेवला आणि ठेवता ठेवता, कपाशी बोलावं तशी म्हणाली, "वेन्तिदुए."

बावीस.

"काय म्हनल्या बाई?" प्राचार्यांनी रागिणीला विचारलं.

"साखर विचारली, सर," रागिणी म्हणाली.

वच्छला पुढच्या खुर्चीकडे गेली. दामलेबाईंनी चहा सगळा प्यायला, गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं आणि पाकीट बंद केलं. दुपारच्या गाडीने दोघेही पाहुणे बडनेऱ्याहून गेले.

तीन आठवड्यांत दोन पाकिटं आली. मुंबईच्या पाकिटात मान्यता होती : विद्यार्थी उपस्थित, वीस. पुण्याच्या पाकिटात निकाल होता : उत्तीर्ण पाच, अनुत्तीर्ण चौदा, क्रमांक वीस गैरहजर. एकाच दिवशी, एकाच खोलीत. पण ही दोन पाकिटं दोन वेगळ्या फायलींत जातात, आणि अशा दोन फायली एकमेकींना भेटल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

"गैरहजर?" प्राचार्य म्हणाले. "पोरगी त बसली होती! सगळ्यात भारी तीच बोलली. तक्रार करा, भगवंतराव."

"करतो, सर. फक्त कोन हजर होतं थे लिवा लागते त्याच्यात."

प्राचार्यांनी थोडा विचार केला आणि चहा मागवला.

निकालाच्या खाली एक टीप होती. गैरहजर उमेदवारास फेरपरीक्षेची संधी आहे. परीक्षा कोणालाही देता येते. केंद्र अकोला, तारीख सोळा. ती टीप भगवंतरावांनी मोठ्याने वाचली, वच्छला दारात आहे हे पाहून. दुसऱ्या दिवशी तिने किरकोळ रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

तिच्या जुन्या अर्जांचा गठ्ठा भगवंतरावांकडे आहे. कारणांच्या रकान्यात सासऱ्यांचा दहावा आहे, अंकुरचं लग्न आहे, सून आरतीचं बाळंतपण आहे, दिराचं ऑपरेशन आहे. या अर्जात लिहिलं होतं : माझी परीक्षा.

प्राचार्यांनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आता कशाले जाता, वच्छलाबाई? कोर्स मंजूर झाला. मॅडम पुढच्या वर्षी बी हायेत. काम झालं आपलं."

"तुमचं झालं, साहेब. माहं राह्यलं."

"अन् नापास झाल्या त?"

"होईन," वच्छला म्हणाली. "पन मीच होईन ना."

प्राचार्यांनी सही केली. त्यांनी तारीखही घातली, आणि मग उगाचच अर्ज सरळ करून तिच्याकडे दिला, दोन हातांनी.

सोळा तारखेला सकाळची गाडी धरायला वच्छला बडनेऱ्याला आली. स्टेशनच्या पुलावर रागिणी उभी होती. ती चांदूरहून त्याच वेळी उतरली होती. दोघी जिन्याच्या कठड्याशी दोन मिनिटं थांबल्या. रागिणीला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "मावशी, घाई करू नका. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा म्हणून सांगा."

"थे वाक्य येते मले," वच्छला म्हणाली. "तुमची बस जाईन, मॅडम. जा तुमी."

मूर्तिजापूर गेलं तसं तिने पिशवीतून वही काढली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने डोकावून पाहिलं आणि पोथी समजून पाय आवरून घेतले. अकोल्यात अंकुरचं घर स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. ती तिकडे गेली नाही. तिने केंद्राचा पत्ता एकदाच विचारला आणि चालत निघाली.

केंद्र एका कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर होतं. जिने ती हळू चढली. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात-आठ आईबाप बसले होते, मांडीवर पाण्याच्या बाटल्या, पोरांच्या बॅगा; पोरं कठड्याशी उभी राहून पाठ करत होती. दारापाशी स्टूल टाकून तिथली शिपाईबाई बसली होती, हातात यादी. वच्छला दाराशी पोचली तशी तिने पाय आडवा घातला.

"पालकाईनं तिकडं बसाचं, बाई. आत नाई जाता येत. कोन हाये तुमचं?"

"कोनी नाई," वच्छला म्हणाली. "मीच हाओ."

शिपाईबाईने यादी पाहिली. वच्छलाकडे पाहिलं, नऊवारीकडे, खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे, तिच्या स्वतःच्या हातांसारख्याच राखेने चिरलेल्या हातांकडे. मग पुन्हा यादी पाहिली आणि बोटाने एक ओळ शोधली.

"वच्छला मधुकर काळबांडे?"

"हो."

शिपाईबाईने उभं राहून स्टूल बाजूला सरकवलं.

खोली रिकामी होती. पंखा बंद, बाकांवर कोणी कोणाची नावं कोरलेली. वच्छला एका बाकावर जाऊन बसली, वही पिशवीत टाकली आणि हात बाकावर ठेवले. परीक्षा सुरू व्हायला अजून चाळीस मिनिटं होती.